वाचकांचे प्रश्न : लष्करी उड्डाणाच्या शाळा

प्रश्न : पहिल्या महायुद्धात अनेक तरुण वैमानिक आघाडीवर पोहोचण्याआधी प्रशिक्षणातील अपघातांतच दगावले, असे वाचनात आले. त्या काळी लष्कराच्या उड्डाणशाळा नव्हत्या का?

उत्तर : शाळा होत्या. ब्रिटनची सेंट्रल फ्लाइंग स्कूल १९१२ मध्ये, म्हणजे युद्धाच्या दोन वर्षे आधी, अपेव्हन येथे सुरू झाली होती, तर फ्रान्समध्ये पो येथे विल्बर राइट यांनी १९०९ मध्येच शिष्य तयार केले होते. उणीव होती ती शिकवण्याच्या पद्धतीची. युद्ध पेटल्यावर वैमानिकांची मागणी इतकी वाढली की शिकवायला बहुधा आघाडीवरून थकून आलेली माणसे नेमली जात. त्यांना उडता येत असे, पण आपण काय करतो आणि ते का करतो हे दुसऱ्याला उलगडून सांगण्याची सवय त्यांना नव्हती. फ्रेंच शाळांनी वेगळी वाट काढली. तेथे शिकाऊला सुरुवातीपासून एकट्यालाच बसवत आणि त्यासाठी पंख छाटलेली ब्लेरियो विमाने वापरत. ‘पेंग्विन’ या नावाने ओळखली जाणारी ही विमाने जमीन सोडू शकत नसत. शेपटी उचलून त्यांना मैदानावर सरळ रेषेत पळवणे हाच पहिला धडा असे, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता.

खरा बदल घडवला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी. अपेव्हनच्या पहिल्याच तुकडीत शिकलेल्या या अधिकाऱ्याकडे १९१६ मध्ये फ्रान्समधील ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले, आणि जेमतेम उडता येणारी मुले लढाईत पाठवली जात असल्याचे पाहून त्यांनी वरिष्ठांकडे आग्रहाने तक्रार केली. तेव्हा त्यांनाच इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथील प्रशिक्षण तुकडी सोपवण्यात आली. १९१७ मध्ये तिचे ‘स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग’ झाले. त्यांनी दुहेरी नियंत्रणे असलेले अॅव्हरो ५०४ विमान घेतले, शिकाऊला वैमानिकाच्या मुख्य आसनावर बसवले आणि शिक्षकाचा आवाज इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू जावा म्हणून एक साधी बोलनळी वापरात आणली : एका टोकाला शिक्षकाच्या तोंडाशी चाडी (फनेल), दुसऱ्या टोकाला शिकाऊच्या कानटोपीत शिरणाऱ्या नळ्या. पुढे कित्येक वर्षे तिला ‘गॉसपोर्ट ट्यूब’ असेच म्हणत.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र नळीपेक्षा वेगळे आहे. धोक्यापासून शिकाऊला दूर ठेवण्याऐवजी शिक्षकाने सोबत बसून त्याला मुद्दाम धोक्यात न्यावे आणि त्यातून बाहेर काढायला शिकवावे, असा त्यांचा दंडक होता. विमान गिरकीत (स्पिनमध्ये) सापडले की घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे नियंत्रणाचा दांडा मागे ओढतो आणि गिरकी अधिकच पक्की होते. गिरकीच्या विरुद्ध बाजूचा सुकाणूचा पायटा (पेडल) दाबून दांडा पुढे ढकलावा, तर पंखांवरचा वाऱ्याचा प्रवाह पूर्ववत होऊन विमान सावरते. जमीन गरगर फिरत वर येत असताना दांडा पुढे ढकलणे मनाला पटत नाही, म्हणूनच ते हाताच्या अंगवळणी पाडावे लागते. गॉसपोर्टची ही पद्धत पुढे ब्रिटनभर आणि ब्रिटनबाहेरही स्वीकारली गेली.

प्रश्न : वैमानिकांचे कौतुक होते, पण विमाने दुरुस्त करणाऱ्यांच्या शाळांविषयी फारसे लिहिले जात नाही. त्या केव्हा निघाल्या?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. सुरुवातीची विमाने लाकडाची व कापडाची असल्याने युद्धकाळात सुतार, फिटर, मोटारीचे मिस्त्री अशा तयार कारागिरांवरच भिस्त होती. इंजिन फिटरकडे आणि पंखांच्या तारा ताणून सांगाडा सरळ ठेवणे रिगरकडे, अशी साधारण वाटणी असे. १९१७ मध्ये इंग्लंडमधील हॉल्टन येथे मोठ्या कार्यशाळा उभारून तांत्रिक शिक्षण सुरू झाले. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांनी पुरेसे कारागीर बाहेरून मिळणार नाहीत हे ओळखून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना परीक्षेने निवडून तीन वर्षे शिकवण्याची योजना आखली. या योजनेतील मुले आधी क्रॅनवेल येथे आणि १९२२ पासून हॉल्टन येथेही शिकू लागली. व्हाइसमध्ये धातूचा तुकडा धरून कानशीने तो मापात आणण्यापासून त्यांची सुरुवात होई. कार्यशाळेबरोबर गणित व विज्ञानाचे वर्गही सक्तीचे होते, आणि हुशार मुलांना अधिकारी होण्याची वाट मोकळी ठेवलेली होती. ही शेवटची तरतूद मला या योजनेचा प्राण वाटते.

त्या वाटेने गेलेल्यांत फ्रँक व्हिटल होते. उंची कमी म्हणून आधी नाकारला गेलेला हा मुलगा १९२३ मध्ये शिकाऊ म्हणून क्रॅनवेलला दाखल झाला, १९२६ मध्ये तेथीलच वैमानिक महाविद्यालयासाठी निवडला गेला आणि १९२८ मध्ये त्याने भावी विमानांवर प्रबंध लिहिला. १९३० मध्ये त्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते इंजिन लावलेले ब्रिटनचे पहिले जेट विमान १५ मे १९४१ रोजी आकाशात झेपावले, तेही क्रॅनवेलच्याच धावपट्टीवरून.