गाडीतून उतरल्यावरची पाच पावलं

वाचकांचे प्रश्न : शाळेची वाहतूक

प्रश्न : आमची मुलगी मोठ्या गटात आहे. पुण्यातल्या धायरीहून तिला पांढऱ्या नंबरपाटीची इको व्हॅन नेते. व्हॅनकाका ओळखीचे आहेत, स्वभावानं चांगले आहेत. पण शाळेनं लेखी कळवलंय की खासगी वाहतुकीशी आमचा संबंध नाही, जबाबदारी पालकांची. उद्या काही झालं तर शाळा असे हात झटकू शकते का?

उत्तर : नुसत्या पत्रानं शाळा मोकळी होत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी वेगळे नियम आहेत. त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ आणि बसवाले यांचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. गाड्यांची कागदपत्रं तपासणं आणि थांबे ठरवणं हे तिचं काम. तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी विचारा : समितीवर कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठे पाहायला मिळेल? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेल्याची नोंद कुठेच राहत नाही.

मात्र भरपाईच्या दाव्यात पहिला भार येतो तो चालक, गाडीमालक आणि विमा कंपनीवर. गाडी शाळेच्या मालकीची असेल तर शाळाच मालक म्हणून उत्तर देते. पालकांनी परस्पर ठरवलेल्या व्हॅनमध्ये शाळेवर बोट ठेवणं अवघड जातं, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापराची गाडी. भाडं घेऊन मुलं न्यायला परवाना आणि पिवळी पाटी लागते. परवान्याशिवाय वाहतूक केल्यास दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण पालकांनी घाबरायला हवं ते विम्यासाठी. खासगी गाडीची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांना ती धरत नाही. पूर्ण पॉलिसी असली तरी भाड्याचा वापर तिच्यात बसत नाही, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढतो. कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालयं देतात, पण तो मिळेपर्यंत वर्षं जातात. काकांचा चांगुलपणा तिथे उपयोगी पडत नाही.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका. वाहनाचा प्रकार, फिटनेसची आणि विम्याची मुदत दिसते. प्रवासी वाहनाचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. काकांना गाडी रीतसर करून घ्यायला सांगा आणि त्यासाठी महिन्याचे पैसे वाढणार असतील तर सगळ्या पालकांनी मिळून ते द्या. ही वाढ घासाघीस करण्याजोगी नाही.

प्रश्न : आपल्याच शाळेच्या बसखाली मूल आलं, अशी बातमी वाचली की पोटात गोळा येतो. समोरचं मूल ड्रायव्हरला दिसत कसं नाही? माझा मुलगा चार वर्षांचा आहे.

उत्तर : खरोखरच दिसत नाही, आणि हे प्रत्येक पालकानं एकदा स्वतः पाहावं. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर. बसच्या पुढच्या काचेची खालची कड बहुधा त्याहून वर असते. मूल बंपरला चिकटून चाललं तर ड्रायव्हरच्या दृष्टीनं रस्ता रिकामा असतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद, किल्ली तुमच्या हातात, ड्रायव्हर आपल्या सीटवर. झाडूच्या दांड्यावर एक मीटरची खूण करा, बंपरपाशी दांडा उभा धरा आणि मागे मागे सरका. ती खूण ड्रायव्हरला दिसली की तिथे खडूनं रेघ मारा. मग हेच डाव्या दाराजवळ, मागच्या चाकापाशी आणि गाडीच्या पाठीमागे करा. गाडीभोवती जो पट्टा तयार होतो, त्यात उभं असलेलं मूल ड्रायव्हरसाठी नसतंच. ही रेघ मुलांनाही दाखवा. 'सांभाळून उतर' या दोन शब्दांपेक्षा खडूची रेघ त्यांच्या कितीतरी जास्त लक्षात राहते.

धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. पहिली, उतरल्यानंतरची. मूल उतरलं, हातातली बाटली घरंगळत चाकाखाली गेली आणि ते वाकलं. त्याच क्षणी ड्रायव्हर उजव्या आरशात पाहत रहदारीत शिरायची वाट बघत असतो. दुसरी, डावं वळण. वळताना मागचं चाक पुढच्याच्या मार्गानं जात नाही, आतून कापतं. पेठांतल्या अरुंद बोळांच्या तोंडाशी पायरीवर उभं असलेलं मूल पुढच्या चाकापासून वाचतं आणि मागच्याच्या तडाख्यात सापडतं. तिसरी, सोसायटीच्या बंद गल्लीत गाडी मागे घेताना. मदतनीस खाली उतरून, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभी राहिल्याखेरीज गाडी एक फूटही मागे जाता कामा नये. चौथी मात्र आपण पालकच ओढवून घेतो. आपण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हात करतो, 'ये!' म्हणतो. मूल आपल्याकडे बघतं, रस्त्याकडे नाही, आणि गाडीच्या नाकासमोरून सरळ धावत सुटतं. दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला उभं राहायचं. एवढा एकच बदल आज केलात तरी पुष्कळ झालं.

उतरवण्याचा क्रम असा हवा : गाडी पूर्ण थांबली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढला. आधी मदतनीस खाली, मग मूल, आणि त्याचा हात थेट ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात. मुलानं गाडीपासून बाजूला पाच मोठी पावलं टाकायची आणि काही पडलं तरी परत फिरायचं नाही, 'मदतनीस ताईला सांग' हे घरी घोटून घ्या. मदतनीस आत चढून दार लावते, खालची मुलं मोजते आणि मगच 'चला' म्हणते. स्कूल बसमध्ये मदतनीस सक्तीचा आहे, मुली असतील तर महिला मदतनीस. ती रजेवर असेल त्या दिवशी बस सुटू नये, हे समितीकडून ठरवून घ्या.

दप्तराचे लोंबते पट्टे, गळ्यात अडकवलेली बाटली, रेनकोटची दोरी दाराच्या दांड्यात अडकते आणि गाडी मुलाला ओढत नेते. पट्टे कापून आखूड करा, दोरी काढूनच टाका. पावसाळ्यात रेनकोटची टोपी डोळ्यांच्या बाजूला येते आणि मुलाला शेजारून येणारी गाडी दिसत नाही. टोपी मागे सारून मगच उतरायची सवय लावा.

प्रश्न : हडपसरच्या आमच्या व्हॅनमध्ये मागे सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून चार मुलं बसवतात. गॅस गळला तर?

उत्तर : गळती तर आहेच, पण त्याआधी त्या फळीचा विचार करा. तिला पाठ नाही, पट्टा नाही, आणि मागून टेम्पो धडकला तर तो आणि मुलं यांच्यात पत्र्याखेरीज काही नाही. ती फळी आजच काढायला लावा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आसनसंख्या लिहिलेली असते, तीच मोजायची. जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे दोनशे रुपये दंड आहे, आणि ही रक्कम इतकी किरकोळ आहे की तिच्यावर विसंबून चालणार नाही. पालकांनीच मुलं मोजावीत. सीएनजी टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. पुढच्या चाचणीची तारीख गाडीवरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेली असते. पट्टी नसेल किंवा तारीख उलटली असेल, तर त्या गाडीत मूल पाठवू नका.

प्रश्न : यापेक्षा मी स्कूटरवर सोडलेलं बरं ना? धाकटा तीन वर्षांचा, पुढे उभा राहतो.

उत्तर : पुढे उभा नको. ब्रेक दाबला की त्याचं तोंड हँडलवर आपटतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला तुमच्याशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरच्यांना हेल्मेट सक्तीचंच. आयएसआय शिक्का पाहा, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जाईल इतका तो घट्ट हवा. मोठ्याला मागे बसवून धाकट्याला मध्ये कोंबणं तर नकोच, ते ट्रिपल सीट झालं.

प्रश्न : शेजारच्या घरातलं मूल शाळेच्या गाडीच्या अपघातात गेलं. आई-वडील काही विचार करण्याच्या अवस्थेत नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी काय करावं?

उत्तर : त्यांच्याजवळ बसा आणि कागदांचं काम तुमच्याकडे घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. घटनास्थळाचा पंचनामा, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, शवविच्छेदन अहवाल, गाडीचा विमा आणि परवाना यांच्या प्रती जमवा. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवायचा असतो. तपास अधिकाऱ्याकडे त्याबद्दल विचारणा करत राहा. हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो खटला वेगळा चालतो, भरपाईचा दावा वेगळा.

इथे एक चूक फार महागात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, चूक सिद्ध करून मागायचा मोठा दावा संपतो. म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय गाडीमालक, विमा कंपनी किंवा मध्यस्थानं पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका, मग तो 'फक्त पोच' का म्हणेना. कलम १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. पुण्यात तो शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधिकरणात चालतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर त्याच आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलाच्या आईच्या नावानं अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.