काल बरी होतीस ना, मग आज काय झालं?

प्रश्न: ताई, वय ४१, राहते कोथरूडला, डेक्कनला बँकेत नोकरी. आज मान-खांदे तर उद्या कंबर असं सारखं दुखतं, झोपून उठलं तरी थकवा तसाच. रक्त, एमआरआय सगळं नॉर्मल, शेवटी डॉक्टर म्हणाले फायब्रोमायाल्जिया. दुखण्याची सवय होईल एक वेळ, पण उद्या मी कशी असेन हेच सांगता येत नाही त्याचं काय करू? भाचीच्या साखरपुड्याला येते म्हणाले आणि त्या दिवशी उठवलंच नाही. सासूबाई म्हणतात, काल तर तुळशीबाग पालथी घातलीस! आता मी कुणाला हो म्हणतच नाही.

उत्तर: सासूबाई टोमणा मारतायत खरं, पण कदाचित काल तुळशीबाग झाली म्हणूनच आज उठवलं नसेल. या आजारात हे फार होतं, जरा बरं वाटलं की आपण साठलेली सगळी कामं उरकायला निघतो आणि मग दुसऱ्या दिवशी आडवे. म्हणून मला तुमच्या चांगल्या दिवसांचीच जास्त काळजी वाटते. त्या दिवशी दमायच्या आधी थांबायचं, एक गल्ली झाली की बसायचं, बाकीची खरेदी राहू दे. आणि वाईट दिवशीही अगदी गादी धरायची नाही, घरातल्या घरात थोडं चालायचं. एवढं करूनही कधीकधी काही कारण नसताना दुखणं उसळतंच, तेव्हा माझं काय चुकलं हे शोधत बसू नका.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं असं नाही. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे संदेश वाढवून घेतात, मंडळाच्या स्पीकरचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा तसं, आणि ते रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरच्या १८ पैकी ११ जागा दाबून दुखतात का बघायचे, २०१० मध्ये ते काढून झोप, थकवा, विसरभोळेपणा विचारायला लागले. म्हणजे डॉक्टरही शेवटी तुम्हालाच विचारतात. पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात पटकन पटतं (आपलं का पटत नाही हा वेगळा विषय).

आणि हो म्हणणं सोडू नका हो. फक्त आधीच सांगून ठेवा, यायचं नक्की आहे पण जेवणापर्यंत थांबेनच असं नाही, सकाळी जमलंच नाही तर फोन करते, रुसू नकोस. ओटीचं सामान तुमच्याकडे असेल तर आदल्या दिवशीच पोचवा, म्हणजे तुमच्यावाचून काही अडणार नाही. जाताना रिक्षा करा, कर्वे रोडला दुचाकी चालवणं धडधाकट माणसालाही झेपत नाही.

फक्त एक, ताप, वजन उतरणं, सांध्याला सूज, पाय बधिर होणं असं काही नवीन दिसलं तर ते फायब्रोच्या खात्यावर टाकू नका, आणि लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.