छंदघर : चढावर इंजिनाची चाकं गरगरतात

प्रश्न : काकांनी जर्मनीहून आणलेलं मेर्क्लिन कंपनीचं एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) वाफेच्या इंजिनाचं विजेवर चालणारं मॉडेल माझ्याकडे आहे. जर्मन रेल्वेच्या ८९ वर्गाचं, तीन जोड्या चाकांचं छोटं टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं). मोटर ठणठणीत आहे, सपाटीवर चार डबे ओढतं, पण चढ आला की चाकं जागच्या जागी गरगरतात. चाकांवरची रबरं कडक होऊन तडकली आहेत. सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब कापून त्याच्या रिंगा बसवल्या तर? आणि सगळ्याच चाकांना रबर घातलं तर पकड वाढेल ना? चढ दीड मीटरला सहा सेंटीमीटर आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हॉल्व्ह-ट्यूब नको. ब्लेडने कितीही जपून कापली तरी रिंग एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक होते आणि मग इंजिन दर फेऱ्याला लंगडतं. नळवाल्याकडचे ओ-रिंगही नकोत. ते गोल असतात, चाकावर रबरासाठी असलेल्या खाचेच्या वर उभे राहतात. मूळ रबर चपटं असतं आणि चाकाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ सपाट बसतं. इंजिनाच्या माहितीपत्रकात सुट्या भागांचा तक्ता असतो. त्यात ‘हाफ्टराइफेन’ (पकडीच्या रबरांचं जर्मन नाव) यासमोरचा क्रमांक बघून तेच मागवा. माहितीपत्रक हरवलं असेल तर खाचेच्या तळाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याहून किंचित लहान आतला व्यास असलेलं रबर घ्या. जुन्या रबरावरून माप घेऊ नका, ते ताणून सैल झालेलं असतं.

सगळ्या चाकांना रबर घालायचा विचार मात्र सोडाच. मेर्क्लिनच्या पद्धतीत वीज रुळांमधल्या टिकल्यांवरून पोटाखालच्या पट्टीने वर चढते आणि चाकांतून रुळांत परतते. रबर वीज वाहत नाही. सहाही चाकांना रबर चढवलंत तर परतीची वाटच बंद, इंजिन हलणारसुद्धा नाही. ज्या चाकांना कारखान्यातून खाच आली आहे, तेवढीच रबरावर चालवायची.

आता कामाकडे. रबर चढवणं पाच मिनिटांचं आहे, खरी मेहनत जुनं काढण्यात आहे. इंजिन फोमवर उलटं ठेवा. चाकाला जोडलेल्या दांड्याचा बारीक स्क्रू सोडवा आणि दांडा अलगद बाजूला करा. कुठला स्क्रू कुठून काढला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाक आसावरून ओढून काढायचा मोह आवरा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँका (दांडा चाकाला जिथे जोडतो ते भाग) एकमेकींपासून पाव फेऱ्याने सरकवून बसवलेल्या असतात. तो कोन बिघडला की दांडे अडकतात आणि मग तुमचं रबराचं काम राहतं बाजूला.

तडकलेलं रबर सुईने उचकटा. खाचेत काळा, चिकट थर उरेल. लाकडी टूथपिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तो खरवडा, धातूचं टोक लावू नका. भिंगातून बघा. तळाला कण राहिला तर नवं रबर नेमकं तिथेच फुगतं. नवं रबर खाचेच्या एका बाजूला अडकवा आणि बोथट चिमट्याने चाकाभोवती ओढत न्या. मग टूथपिक रबराखाली सरकवून ती चाकाभोवती दोनदा फिरवा, म्हणजे ताण सगळीकडे सारखा होतो आणि पीळ निघतो. ही पायरी लोक गाळतात आणि आठवड्यात रबर निघालं म्हणून कुरकुरतात. डिंक, फेव्हिक्विक काही लावायचं नाही. दांडा परत जोडल्यावर चाकं हाताने सावकाश एक फेरा फिरवून बघा, कुठे अडू नये. तेल घालायचं ते आसाला, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. तेलाने रबर फुगतं आणि सुटतं.

तुमच्या चढाबद्दलही बोलायला हवं. दीड मीटरला सहा सेंटीमीटर म्हणजे ४ टक्के. आपला बोरघाट ३७ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. दार्जिलिंगच्या बी वर्गाच्या इंजिनांवर तर पुढे माणसं बसून रुळांवर हाताने वाळू टाकायची. तुमच्या रुळांवर वाळू टाकू नका, गिअरमध्ये जाईल! चढ लांबवून ३ टक्क्यांवर आणा. वळणावरच चढ असेल तर त्याहूनही कमी ठेवा, कारण वळणात डबे ओढायला जड जातात.

इंजिन महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल तर चाकांवर उभं ठेवू नका. रबर एका जागी दबून चपटं होतं. आडवं ठेवा.

प्रश्न : नवं रबर बसवल्यापासून रुळांवर काळी रेघ उमटते. पॉलिश पेपरने घासू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. पेपरने ओरखडे पडतात आणि मळ त्यांतच साठतो. अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरवा, रूळ वाळू द्या, मगच गाडी सोडा. ओल्या रुळावर रबर घसरतंच.