वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, चार वर्षांची जुनी कंबरदुखी व्यायामाने खरोखर बरी होते का?

तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की वय ४७, काम बैठे, चार वर्षे कंबर दुखते, एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते, डॉक्टर व्यायाम करा म्हणतात आणि घरची मंडळी आराम, पट्टा व फरशीवरची झोप सुचवतात, तर कोणाचे ऐकावे. डॉक्टरांचे ऐका. खरे तर उत्तर येथेच संपते, परंतु घरच्या मंडळींचा उल्लेख वाचून मला राहवले नाही, कारण आमच्या घरात हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मी साताऱ्यात न्यायालयात लघुलेखक आहे आणि माझे वय आता ५३ आहे. चाळिशी ओलांडल्यावर माझी कंबर धरली. आरंभी ती चार दिवस धरायची आणि सुटायची. पुढे सुटेनाशी झाली. सकाळी पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून मग हाताने गादी रेटून बसावे लागे, आणि दुपारनंतर डाव्या पायात मांडीपर्यंत कळ जाई. टेबलाखाली पेन पडले तर मी ते उचलत नसे. शिपायाची वाट पाहत असे. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, यांचे निदान पहिल्या दिवसापासून ठरलेले होते: सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिले आणि नंतर बाळंतपणात कंबर नीट बांधली नाही, त्याचे हे फळ. तुमच्याही घरात हे ऐकायला मिळत असेल. या इंजेक्शनावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते, मात्र वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कंबरदुखीशी त्याचा संबंध आढळलेला नाही. शिवाय माझी मुलगी दहावीला जाईपर्यंत माझी कंबर एकदाही दुखली नव्हती, हा साधा हिशेब मी अक्कांना अनेकदा मांडून दाखवला, पण त्यांनी तो मान्य केला नाही.

एमआरआय झाल्यावर घरात 'मणक्यात गॅप आला' अशी बातमी पसरली आणि नातेवाईक जणू शेवटचे भेटायला येऊ लागले. तुम्हीही तुमच्या अहवालाला घाबरला आहात, असे तुमच्या प्रश्नावरून वाटते, म्हणून सांगते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या लोकांपैकी सुमारे ५० टक्के आणि पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्याच होत्या, आणि चकत्यांची झीज तर पन्नाशीत ८० टक्के लोकांत दिसली. याचा अर्थ तुमच्या कार्यालयातल्या, खो-खो खेळू शकणाऱ्या सहकाऱ्याचा एमआरआय काढला तर तोही कदाचित तुमच्यासारखाच निघेल. बहुतेक जुनाट कंबरदुखीत अमुक एका चकतीकडे बोट दाखवता येत नाही. हे वाक्य तो अहवाल हातात ठेवणाऱ्या माणसाने मला तेव्हाच सांगितले असते तर पुढचे अर्धे रामायण टळले असते.

पुढे झाले असे की एका ओळखीच्या डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती, कमरेला पट्टा आणि 'आता आयुष्यात वाकायचे नाही' असे सांगितले. दिवाळीच्या तोंडावर मी अंथरुणाला खिळले. अनारशापासून चकलीपर्यंतचा सगळा फराळ अक्कांनी एकटीने केला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या एकच वाक्य ऐकवत होत्या: "कोर्टात आठ तास बसता येतं गं हिला, फक्त पोळपाटापुढं उभं राहता येत नाही." हे वाक्य मी आतल्या खोलीत पडल्यापडल्या ऐकत होते. मला आजही अक्कांचा राग येतो तो या वाक्याचा, तेलाचा नव्हे. तेलाकडे नंतर येते.

विश्रांतीने कंबर सुधारली नाही, आणि त्यात नवल नव्हते. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. नुकतीच कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवले, काहींना कमरेचे ठरावीक व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तशी रोजची कामे करत राहायला सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजची कामे करणारे. दोन दिवसांच्या विश्रांतीची ही गत, तर चार वर्षांच्या दुखण्यावर महिनाभर पडून राहण्याने काय होणार? पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू शिथिल होतात, वाकण्याची भीती बसते, भीतीने माणूस कंबर ताठ धरून वावरतो, आणि ताठ धरलेली कंबर आणखी दुखते. पट्ट्याने या भीतीवर शिक्कामोर्तब होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे, आणि पट्टे व कमरेला ताण देणारे ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे.

मला वळण मिळाले ते पोवई नाक्याजवळच्या एका लहानशा दवाखान्यात, माझ्या मुलीच्या वयाच्या फिजिओथेरपिस्टकडे. तिने एमआरआयचे पाकीट उघडून पाहिले, बाजूला ठेवले आणि मला जमिनीवरची रिकामी बादली उचलायला सांगितली. मी नकार दिला. ती म्हणाली, "काकू, कंबर मोडत नसते. वाका." मग तिने एक काठी माझ्या पाठीवर उभी लावली: वरचे टोक डोक्याला, मधला भाग दोन फऱ्यांच्या मध्ये आणि खालचे टोक माकडहाडाला टेकलेले. एक हात मानेमागून आणि दुसरा कमरेमागून नेऊन काठी धरायची, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि मागच्या भिंतीला बसायला जावे तसे नितंब मागे न्यायचे. धड आपोआप पुढे झुकते आणि तीनही जागी काठी टेकलेली राहते. माझी काठी दर वेळी माकडहाडापासून सुटायची, कारण मी कुल्ह्यांतून न वाकता पाठीची कमान करून वाकत होते. ती नुसते "काकू, सुटली" म्हणायची आणि मी पुन्हा उभी राहायची. हे जमू लागल्यावर बादली आधी स्टुलावर आली, मग जमिनीवर, आणि मग तिच्यात पाणी पडू लागले. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे घरी मला डंबेल्स विकत घ्यावी लागली नाहीत. मोरीतली बादली आणि तांब्या पुरले. एखाद्या आठवड्यात एक तांब्या वाढवायचा, दुखले तर एक कमी करायचा, पण बादली सोडायची नाही.

तुम्ही नेमके व्यायाम विचारले आहेत. बादलीखेरीज मी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेले तीन व्यायाम करते: उताणे झोपून डोके व खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर सरळ उचलून धरणे, आणि तळहात व गुडघ्यांवर येऊन उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय सरळ करणे. यांत भुजंगासन घालायचे की नाही हे तुमच्या पायाला विचारा. मागे वाकल्यावर पायातली कळ वर सरकून कमरेपाशी गोळा होत असेल तर ते चांगले लक्षण आहे. उलट कळ पायात खाली उतरत असेल तर ते आसन सोडा. ज्यांना पुढे झुकल्यावर बरे वाटते आणि चालताना पाय भरून येतात, त्यांचा मार्ग वेगळा असतो. साताऱ्यात राहून सूर्यनमस्कारांविरुद्ध बोलणे जिवावर येते, कारण याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले होते. तरीही पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः उठल्याउठल्या, ते घालू नयेत असे माझे मत आहे. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात आणि सकाळच्या पहिल्या तासात पुढे वाकणे कमरेला जड जाते.

चालण्याला मात्र वेळकाळ नाही. मी आधी सपाटीवर चालत होते, मग टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जाऊ लागले आणि आता रविवारी अजिंक्यतारा चढते. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना त्यात हळूहळू वाढवत नेलेले चालणे आणि थोडे मार्गदर्शन दिले होते. त्यांना पुन्हा दुखणे उद्भवेपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, इतरांना ११२. चालण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत, बहुधा म्हणूनच आपल्याकडे त्याला कोणी उपचार समजत नाही.

आता तेलाविषयी. आज मी भरलेला सिलिंडर स्वतः उंबरठ्यावरून आत घेते. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस आणि टाकीचे पंधरा-सोळा किलो धरून तो तीस किलोच्या आसपास भरतो. अक्का हे पाहतात आणि पाहुण्यांना सांगतात की त्यांनी पूर्ण हिवाळाभर महानारायण तेल चोळले म्हणून हिची कंबर सुटली. तेल त्यांनी चोळले, हे खरे आहे, आणि त्या अर्ध्या तासात बरे वाटायचे, हेही खरे आहे. परंतु तेल हिवाळ्यात संपले, आणि पंधरा लिटरची बादली मी पावसाळ्यात उचलली. मधल्या महिन्यांत कोणी काय केले, हे मोरीतल्या ओल्या फरशीला ठाऊक आहे. तुमच्या घरातही तुम्ही बरे झाल्यावर श्रेयाचे वाटप होणारच आहे. तेव्हा आजपासून एका वहीत तारीख, वजन आणि दुखणे दहापैकी किती, एवढे लिहीत जा. त्या वहीचा उपचारातही उपयोग होतो: व्यायाम करताना दुखणे दहापैकी चारच्या आसपास राहिले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर आले तर चालू ठेवावे, दुसऱ्या दिवशीही चढलेले राहिले तर भार कमी करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये मालिशलाही जागा आहे. ही गोष्ट मी अक्कांना सांगितलेली नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. 'बरी होते' या शब्दावर फार भार देऊ नका. व्यायामावरच्या २४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये निघाला. उपचार न घेणाऱ्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्या लोकांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभरपैकी सरासरी पंधरा गुणांनी कमी झाले. हा चमत्कार नव्हे, आणि माझ्याइतका फरक तुम्हाला पडेलच असे नाही. माझीही कंबर वर्षातून एखाददोन वेळा धरते. फरक इतकाच की आता मी पट्टा न शोधता बादलीतले पाणी कमी करते. दोन-तीन महिने तरी नियमाने केल्याशिवाय निकाल लावू नका. आणि लघवी अडकत असेल किंवा तिच्यावरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, किंवा पाऊल उचलता येत नसेल, तर हे उत्तर वाचणे सोडून त्याच दिवशी रुग्णालयात जा. संध्याकाळचा ताप, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपू न देणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकतीच पडझड असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम; आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही आढळतो. तुमच्या प्रश्नात यांपैकी काही दिसले नाही, म्हणून मी इतके मोकळेपणाने लिहिले.

राहता राहिली फरशी. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना निरनिराळ्या गाद्या देऊन पाहिले होते, त्याचा निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. फरशीवर तुम्हाला गाढ झोप लागत असेल तर खुशाल झोपा, लागत नसेल तर केवळ घरच्यांच्या समाधानासाठी झोपू नका.