अरबीत ‘मारणे’, ‘गुणाकार’, ‘कर’ आणि ‘संप’ हे सगळे शब्द एकाच धातूचे कसे?

तुम्ही विचारलेला धातू द-र-ब, त्यातला ‘द’ म्हणजे अरबीतलं ‘दाद’ हे अक्षर. मूळ क्रियापद ‘दरबा’: त्याने मारलं. सगळ्या अर्थांना जोडणारी एकच मूळ कल्पना शोधत बसू नका, असं मी सांगेन. मराठीत आपण शिक्का मारतो, फेरी मारतो, दांडी मारतो. तिथे अर्थ सोबतच्या शब्दावरून ठरतो. अरबीतही आधी कर्म पाहायचं आणि क्रियापदाला जोडून आलेलं अव्यय पाहायचं.

कुराणात (२६:६३) मूसाला काठीने समुद्रावर ‘मार’ असं सांगितलंय, तो सरळ आघात. कर्म ‘मसल’ असेल तर दृष्टान्त देणे (१४:२४). ‘खैमा’ असेल तर तंबू ठोकणे. नाणी पाडण्यालाही हेच क्रियापद, म्हणून टांकसाळ म्हणजे ‘दार अद-दर्ब’. ‘फी’ या अव्ययाशी मात्र जपून. दोन्ही बाजूंना संख्या असतील तर तो गुणाकार, आणि पाढ्यांचा तक्ता ‘जदवल अद-दर्ब’. पण ‘फी’नंतर ‘अल-अर्द’ म्हणजे जमीन आली की अर्थ प्रवास करणे. प्रवासात नमाज कमी करण्याची मुभा (४:१०१) याच शब्दांत दिली आहे. ‘अला’ आलं की लादणे. लादलेला कर तो ‘दरीबा’. दुबईत राहत असाल तर बिलाच्या माथ्यावर ‘फातूरा दरीबिय्या’ हे शब्द रोज दिसत असतील. तिथे २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे.

यापुढे धातूची साधित रूपं येतात, म्हणजे ठरावीक साच्यांत धातू घालून बनणारी आणि क्रमांकाने ओळखली जाणारी रूपं, आणि खरी गंमत तिथे आहे. चौथं रूप ‘अदरबा’, त्याला ‘अन’ जोडलं की एखाद्या गोष्टीपासून दूर राहणे, म्हणून ‘इदराब’ म्हणजे संप. ‘इदराब अनित-तआम’ म्हणजे उपोषण, शब्दशः अन्नापासून दूर राहणे. आठवं रूप ‘इद्तिराब’: अस्वस्थता, खळबळ. तिसऱ्या रूपातलं ‘मुदारबा’ नीट समजून घ्या. इस्लामी वित्तव्यवहारात हा करार आहे: एकाचं भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, आणि तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा (श्रम करणाऱ्याने हयगय केली नसेल तर). माल घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या प्रवासाशी या नावाचा संबंध जोडतात. वर्तमानपत्राच्या शेअर बाजाराच्या पानावर मात्र ‘मुदारबा’ म्हणजे सट्टेबाजी. संदर्भ न पाहता भाषांतर केलंत तर अर्थ पार उलटा होईल.

हान्स वेरच्या अरबी शब्दकोशात हे शब्द धातूखाली सापडतात. ‘मुदारबा’तून आधीचा ‘मु’, मधला दीर्घ ‘आ’ आणि शेवटचा स्त्रीलिंगी प्रत्यय काढा, द-र-ब उरतो. मग रोमन आकड्यांनी दिलेल्या रूपांत III पाहा. ‘इद्तिराब’ बऱ्याच जणांना सापडत नाही, कारण त्यातला ‘त’ धातूचा नाही. आठव्या रूपात तो बाहेरून येतो आणि ‘दाद’च्या शेजारामुळे जड उच्चाराचा ‘त’, म्हणजे अरबीतलं वेगळंच अक्षर, होतो, म्हणून लोक चुकून त्याला धातूचं अक्षर समजतात.

आणखी एक चूक देवनागरीमुळेच होते. साध्या ‘द’चा, म्हणजे ‘दाल’ या अक्षराचा, द-र-ब हा वेगळाच धातू आहे: ‘तद्रीब’ म्हणजे प्रशिक्षण, ‘दर्ब’ म्हणजे वाट. कैरोतलं ‘अद-दर्ब अल-अहमर’ हे वस्तीचं नाव त्यातलं, मारण्याशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा शब्द अरबी लिपीत पाहिल्याशिवाय धातू ठरवू नका.

फारसीत ‘दाद’चा उच्चार ‘ज’सारखा होतो. त्या वाटेने हा धातू मराठीत ‘जरब’ होऊन आला. मोगल नाण्यांवरही तो ‘जर्ब’ म्हणून आहे, आणि त्याला जोडून सूरतसारखं टांकसाळीच्या गावाचं नाव असतं. नाणं कुठलं ते ओळखायचं असेल तर आधी तो शब्द शोधा.