अमेरिकेतली कृष्णवर्णीय तरुण मुलं डॉक्टरकडे जायला का टाळतात?

तुमचा अटलांटातला रूममेट २४ वर्षांचा, कृष्णवर्णीय. बीपी वाढलंय, डोकं ठणकतं, पण डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतो. ही मुलं तब्येतीबाबत इतकी बेफिकीर का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची चंद्रपूरची, ओकलंडमध्ये फार्मसिस्ट आहे. महिन्यातून एका शनिवारी इथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सलूनमध्ये बीपी तपासायला बसते. ‘बेफिकीर’ हा शब्द मला अजिबात पटत नाही.

मागच्या महिन्यात तेविशीतला एक मुलगा आला. गोदामात रात्रपाळी, दिवसा दुसरं काम. मी दोनदा विचारलं, तो नुसता हसला. सलूनवाला म्हणाला, “दे रे हात,” तेव्हा कुठे दंडाला पट्टा बांधू दिला. १५८/९८. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, जवळपास तेवढंच. “मी ठीक आहे.” पोलिसाने गाडी थांबवली की हात दिसतील असे ठेवायचे, आवाज चढू द्यायचा नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हे त्याला आईने दहाव्या वर्षी शिकवलंय. दवाखान्यात गेल्यावर तोच चेहरा एकदम कसा सैल पडणार?

शर्मन जेम्स या साथरोगतज्ज्ञांना नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी भेटला होता. बटईच्या कर्जातून राबून बाहेर पडला, चाळिशीत ७५ एकरांचा मालक झाला. पन्नाशीत बीपी, संधिवात आणि अल्सर. हाताशी काही नसताना निव्वळ जिद्दीवर झुंजत राहण्याला जेम्सनी ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटलं. अशा झुंजणाऱ्या गरीब कृष्णवर्णीयांत बीपी जास्त आढळलं. ‘मी ठीक आहे’ ऐकलं की मला तो शेतकरी आठवतो.

अलाबामातल्या टस्कीगी इथल्या प्रयोगाबद्दल तुम्ही वाचलं असेल : १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता फक्त पाहत राहायचं ठरवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. पण मुलं मला ते क्वचितच सांगतात. ती स्वतःवर गुदरलेलं सांगतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कळांनी तळमळत हॉस्पिटलात गेलेल्या एकाला पहिला प्रश्न आला, “नशा काय केलीस?” सिकलसेल आमच्या विदर्भातही आहे. ती कळ मी शाळेतल्या मैत्रिणीत पाहिलीय, म्हणून हे ऐकताना सहन झालं नाही.

लॉस एंजेलिसमध्ये ५२ सलूनमधल्या, बीपी असलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही सलूनमध्ये फार्मसिस्ट येऊन तिथेच औषधं सुरू करायचे : सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. बाकी ठिकाणी सलूनवाले खाणंपिणं सांभाळा, डॉक्टरला भेटा एवढंच सांगायचे : तिथे ९ ने. हे पुरुष पस्तिशीपुढचे होते. पण तरुणही त्याच खुर्चीत बसतात, आणि तिथे त्यांना नावाने ओळखतात.

म्हणून रूममेटला उपदेश करू नका. केस कुठे कापतो विचारा, एकदा सोबत जा. घरी बीपीचं मशीन आणा आणि आधी स्वतःचं मोजा. मात्र आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखत असेल, दिसायला धूसर झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर समजावत बसू नका, सरळ ९११ लावा आणि त्याच्याबरोबर आत जा.