लेझरच्या आधी बायोप्सी: तुमच्या भावाच्या गालातील चट्ट्याविषयी

तुमच्या भावाचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, गालाच्या आत पांढरा खरखरीत चट्टा आहे, आणि जवळच्या दवाखान्याने तो 'एकाच बैठकीत, टाके न घालता' लेझरने जाळून देण्याचे सांगितले आहे, हे वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. हाच सल्ला काही वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता. मी डॉक्टर नाही. नागपूरचा आहे, बरीच वर्षे खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) खात होतो, आणि तोंड आखडणे व चट्टा हे दोन्ही भोगलेले आहे. खर्रा बंद व्हायला हवा, हे तुम्ही जाणताच, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

लेझरला माझा विरोध नाही. मोठ्या रुग्णालयांतही चट्टे लेझरने काढतात. मात्र लेझरने चट्टा कापून तपासणीला पाठवणे वेगळे आणि तो जागच्या जागी जाळून टाकणे वेगळे, कारण जाळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काहीच उरत नाही. मी बायोप्सीबद्दल, म्हणजे चट्ट्याचा तुकडा काढून तपासण्याबद्दल, विचारले, तेव्हा त्या दवाखान्यात 'साधा चट्टा आहे, डोळ्यांना दिसतोच आहे, उगाच खर्च कशाला' असे उत्तर मिळाले. गाल छान भरून आला. काही महिन्यांनी त्याच जागेच्या कडेला चट्टा पुन्हा उमटला आणि या वेळी पांढऱ्यात लाल ठिपके होते. मोठ्या रुग्णालयातील सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, तो आधीच्या चट्ट्याच्या रिपोर्टचा. माझ्याकडे होती फक्त एक पावती, तिच्यावर 'लेझर ट्रीटमेंट' हे शब्द आणि रक्कम. केस पेपर मागायला गेलो, तर 'आम्ही तसे काही ठेवत नाही' असे सांगून वाटेला लावले. याचा राग अजूनही जात नाही.

पेशींमधला बिघाड, म्हणजे डिस्प्लेसिया, सौम्य आहे की तीव्र, हे बाहेरून पाहून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. क्वचित अशा चट्ट्यात सुरुवातीचा कर्करोगही दडलेला असतो. चट्टा काढायचा का, भोवतालची किती कातडी घ्यायची, नंतर किती दिवसांनी पाहायचे, हे सारे बायोप्सीच्या अहवालावर ठरते. माझा बिघाड वाढत गेला होता की पहिल्यापासून तसाच होता, हे कोणालाच सांगता येईना, आणि भरलेल्या जखमेच्या वणामुळे चट्ट्याची कडही नीट ठरेना. शेवटी रुंद भाग काढावा लागला. अहवालात मध्यम डिस्प्लेसिया निघाला.

म्हणून बायोप्सी करताना तुकडा चट्ट्याच्या कोणत्या भागातून घेणार, हे आधी विचारा. हाताला सोपा पडेल तिथून नव्हे, तर लाल, जाड किंवा खडबडीत भागातून तो घ्यायला हवा, आणि चट्टा मोठा असेल तर एकापेक्षा जास्त ठिकाणांहून. तुकडा ज्या औषधी द्रवात (फॉर्मॅलिन) ठेवतात, त्या बाटलीवर नाव आणि जागा लिहिलेली आहे, हे स्वतः पाहा. अहवालाबरोबर स्लाइड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काच) आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच लागतात. 'सुरी लागली की रोग पसरतो' ही तुमच्या आईची भीती मी समजू शकतो, पण तिला आधार नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. चट्टा पातळ, सगळीकडे सारखा पांढरा असेल आणि शेजारच्या दाढेची धार घासत असेल, तर ती धार बोथट करून, खर्रा थांबवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहू, असे एखादे डॉक्टर म्हणतील. ते योग्यच आहे. लाल भाग, कडकपणा, व्रण किंवा रक्त असेल, तर मात्र थांबू नये.

तोंड न उघडणे हा वेगळा आजार आहे आणि चट्टा काढल्याने तो सुटत नाही. सुपारीतील अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या आतील थरात तंतू साचत जातात. सुपारी सोडल्यावर आजाराची वाढ मंदावते, पण साचलेले तंतू आपोआप विरघळत नाहीत. 'तंबाखू सोडली, नुसती गोड सुपारी खातो' हा तोडगा म्हणूनच निरुपयोगी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले आहे. स्टिरॉइड आणि हायलुरोनिडेज या औषधांची इंजेक्शने गालात देतात. मला त्यांनी जळजळ कमी झाली, तोंड मात्र रोजच्या व्यायामानेच उघडले. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण 'बरे वाटते' यावरून काही कळत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर भूल देण्याची नळी दुर्बिणीतून घालण्याची सोय असलेले रुग्णालयच निवडा. आखडलेल्या तोंडातून ती घालणे अवघड असते.

महागड्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलबद्दल माझे मत कडक आहे. जळजळीला त्यांचा थोडा उपयोग होत असेल, पण कोणत्याही गोळीने चट्ट्याचा कर्करोग होणे टळते, असे सिद्ध झालेले नाही. बायोप्सी टाळून हजारोंच्या कॅप्सूल विकणाऱ्याकडे जाऊ नका. खर्रा सोडण्यासाठी मदत हवी असेल, तर 1800-112-356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. निकोटिनचे च्युइंगगम आखडलेल्या तोंडाला त्रासदायक वाटते, म्हणून त्वचेवर चिकटवायच्या निकोटिन पॅचविषयी डॉक्टरांना विचारावे.

तुम्ही यवतमाळचे आहात, तर माझ्या मते नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचे निदान व उपचार) आणि ओरल पॅथॉलॉजी (तुकड्याची तपासणी) हे दोन्ही विभाग तिथे आहेत. लेझरची तारीख ठरली असेल, तर ती आजच रद्द करा. चट्टा काढल्यावरही तो परत येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, गाल दाखवत राहावे लागेल, आणि दर वेळी जुना अहवाल सोबत न्यावा लागेल.